वाघ : शून्य

वाट सुरू होते तिथं एक लाकडी पेटी,
तिला साखळीनं बांधलेला ब्रश.
आधी बूट घासायचे. तळाच्या खाचांतली माती,
कुठल्या कुठल्या वाटांवरचं अडकलेलं बी
इथंच ठेवून मग चढायचं.
लिओनोरा अगबायानी कमरेवर हात ठेवून बघते,
टाच पुन्हा घासायला लावते.
"बेट लहान आहे," म्हणते,
"फार सोसवत नाही त्याला."

लानाई. नकाशात करंगळीच्या नखाएवढं.
एकच गाव, सिग्नल एकही नाही,
एक दवाखाना, तिथं मी गोळ्या मोजते
सोमवार ते शुक्रवार.
शनिवारी हरणं.

तिच्या वडिलांच्या काळी इथं अननस होता
नजर जाईल तिथवर. आता लाल माती, गवत,
आणि वाफ्यांवर अंथरलेल्या काळ्या प्लास्टिकच्या चिंध्या,
कुजायचं नाव नाही.
वर पाइनची झाडं धुकं गाळतात,
पाऊस नसताना आम्ही भिजतो.
ओहियाचं लाल फूल तोडायचं नाही,
तोडलं तर पाऊस येतो, असं ती सांगते
आणि आभाळाकडं बघते, जणू कुणी तोडलंय.

वळणापलीकडं जांभळं.
खरीखुरी. सडा पडलेला, बुटाखाली रेंदा.
मी एक उचलते, कुर्त्याला पुसून तोंडात टाकते.
लिओनोरा माझी जीभ बघून हसते, मग
झाडाखालची रोपं दाखवते, वीतभर, शेकड्यांनी:
"ही मुळासकट काढ. इथली नाहीत."
काढते. पहिली वीस-पंचवीस
मनातल्या मनात माफी मागत,
नंतर नुसतीच.

साळुंक्याही इथल्या नाहीत. पेरू नाही.
"मग इथलं कोण?"
ती बोटांवर मोजू लागते, तिसऱ्या बोटाशी अडते.
"मी पण नाही," म्हणते. "बाबा इलोकोसहून आले, बोटीनं."
आणि पुढचं रोप उपटते.

धारेवर पोचलो आणि गवतातून आवाज आला.
पॉक्.
माझा हात तिच्या दंडावर आवळला गेला,
डोळे आपोआप गवतात पट्टे शोधू लागले.
"काय झालं?"
"वाघ," मी म्हणाले. मराठीत.

नागझिऱ्यात बाबा वनरक्षक होते.
आठवीत असताना एकदाच त्यांनी नेलं मला
बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर.
तक्ता माझ्या मांडीवर. एका जनावराला एक रेघ, पाचवी आडवी.
चितळं मावेनात. सांबर, गवे, एक अस्वल.
वाघ आला नाही.
उजाडताना तो रकाना मी मोकळा सोडला.
"मोकळा म्हणजे बघितलंच नाही," बाबा म्हणाले.
"शून्य लिही. शून्य म्हणजे
रात्रभर वाट पाहिली."

कुणा राजाला भेट म्हणून
ही चितळं बोटीतून या बेटांवर उतरवली,
त्याला दीडशे वर्षं झाली.
पिढ्या किती उलटल्या. एकीनंही वाघ पाहिला नाही,
वास घेतला नाही, पंजाचा ठसा हुंगला नाही.
आणि तरी ती बघा,
पुढचा पाय आपटते, शेपटी उभी,
कॉल देते.
आम्हाला.

अकरा. दोन रेघांचे जुडगे आणि एक सुटी.
रेघ तीच, बाबांची.
तिकडं आकडा वाढला की साहेब चहा पाजायचे,
इकडं वाढला की बंदुका निघतात, कुंपण सरकतं,
आणि ते चूक आहे असंही मला म्हणता येत नाही,
खालची उघडी लाल घळ मी बघितलीय,
प्रत्येक सरीबरोबर समुद्राला जाणारी.

तक्त्याच्या तळाशी थोडी जागा होती.
तिथं मी एक रकाना आखला.
लिओनोरानं मान वाकडी करून अक्षरं बघितली.
"हे काय?"
सांगितलं.
हसेल वाटलं होतं. हसली नाही.
"पण बघितलं ना आपण?" तिनं विचारलं,
आणि धारेवर उभी राहून
पुन्हा एकदा सगळं गवत नजरेनं चाळलं.

खाली उतरल्यावर तोच ब्रश.
मी पुढं झाले, तिनं तो आधी उचलला
आणि बराच वेळ
स्वतःचेच बूट घासत राहिली.